सरांनी सांगितलेली मशीन

निचिते सरांकडे कुणी कॉम्प्युटर कुठला घेऊ असं विचारायला गेलं, की सर आधी कॉम्प्युटरचं नावच काढायचे नाहीत. विचारायचे, "घरात लाईट किती वेळ असते?" मग, "ठेवणार कुठं? चुलीच्या खोलीत नाय ना?" मग, "हात कोण कोण लावणार तिला?" समोरचा माणूस उत्तरं देता देता घामाघूम व्हायचा. आपण वस्तू घ्यायला आलोय की पोरीसाठी आपलंच स्थळ तपासलं जातंय, हे त्याला कळायचं नाही. सगळं विचारून झालं की सर डोळे मिटायचे, आणि मिटल्या डोळ्यांनीच प्रोसेसर कुठला, रॅम किती, डिस्क केवढी ते सांगायचे. एकदा सांगितलं की संपलं. शहापूरपासून मुरबाडपर्यंत त्यावर दुसरं मत घ्यायची पद्धत नव्हती. माणूस दुकानात जाऊन कागद पुढे करायचा आणि म्हणायचा, "सरांनी सांगितलीय ती मशीन द्या."

सर आमच्या हायस्कूलात गणिताचे. कॉम्प्युटर हा त्यांचा विषय नव्हताच. शाळेला कुठल्याशा योजनेतून मशिनी आल्या, त्यांना हात लावायला सगळा स्टाफ घाबरत होता, आणि शाळेच्या विहिरीवरचा पंप बिघडला की तो सर उघडायचे. एवढ्या पात्रतेवर हेडसरांनी लॅबची किल्ली त्यांच्या हातात ठेवली. त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत सर रोज शाळेत येऊन बसले. मशीन उघडली, बंद केली, परत उघडली. जूनमध्ये शाळा भरली तेव्हा ते कॉम्प्युटरवाले सर झाले होते.

बुटके, रुंद मनगटांचे, खुर्चीत कधी मागे टेकून न बसणारे. लोक खिशाला पेन लावतात, सर स्क्रू ड्रायव्हर लावायचे. मशीनमधली धूळ काढायला त्यांच्याकडे सायकलला हवा भरायचा पंप होता. कुणी पोराने तोंडाने फुंकर मारली तर चिडायचे. "देवापुढचा दिवा फुंकून विझवतो का रे? मग हितं कशाला फुंकतो?" दसऱ्याला लॅबमध्ये पूजा व्हायची, तेव्हा हळदकुंकू घेऊन पोरी पुढे झाल्या की सर पंख्याच्या जाळीवर तळहात धरून उभे राहायचे. "टिळा कपाळाला लावा गो. नाकात घालू नका त्याच्या."

मला पहिल्यांदा माऊस त्यांनीच हातात दिला. मी तो उचलून सरळ स्क्रीनला लावला. वर्ग हसला. सर हसले नाहीत. म्हणाले, "हिचं चुकलं नाय. हिला जिथं जायचंय तिथं तिनं हात नेला. आता न उचलता तिथं कसं जायचं ते बघू."

आणि त्यांचं ते वाक्य. आमच्या शाळेतून गेलेल्या कुणालाही रस्त्यात थांबवून विचारा, तोंडपाठ म्हणून दाखवील. "प्रोसेसर म्हणजे बैल. रॅम म्हणजे खळं. डिस्क म्हणजे कणगी. बैल तगडा पायजे, खळं रुंद पायजे, कणगी मोठी पायजे." आमच्यातल्या बहुतेकांच्या घरात तेव्हा बांबूची, शेणाने सारवलेली, भात साठवायची कणगी होती. खळ्यावर बैल फिरताना आम्ही बघितले होते. कॉम्प्युटरच्या पोटात काय चालतं ते आम्हाला एका तासात समजलं आणि ते आम्ही नंतर कधी विसरलो नाही. कॉलेजात जाड पुस्तकातून हेच शिकवलं तेव्हा मी मनात म्हटलं, हे तर आमच्या सरांनी सांगितलंय. मी कॉलेज केलंय, आमच्या घरात पहिलीच. हे मी न विचारताही सांगते, कारण ते सांगायला मला कधी लाज वाटली नाही. आणि त्याच दमात सरांचं नाव घेते.

सरांचं ज्ञान वरवरचं होतं असं कुणी म्हणू नये. मी कल्याणला कॉलेजात असताना सर एकदा शहापूरच्या फोटो स्टुडिओवाल्या सुरेशदादाला घेऊन मशीन घ्यायला आले होते. मीही गेले दुकानात. सुरेशदादाने कुठंतरी ऐकलं होतं की प्रोसेसरमध्ये 'सात' नंबर सगळ्यात भारी. दुकानदाराने लगेच काचेच्या कपाटातून खोका काढला. "दादा, पाचच्या भावात सात देतो. घरची गोष्ट आहे." सरांनी खोका हातात घेतला, चष्मा वर केला आणि सातच्या पुढचे आकडे बोट ठेवून वाचले. पुढचे आकडे म्हणजे प्रोसेसरची पिढी, हे मला तेव्हा कळलं. तो सात खरा होता, पण कितीतरी वर्षांपूर्वीचा.

सर म्हणाले, "सुरेश, एक पोरगा सातवीत तीनदा नापास होऊन बसलाय. दुसरा औंदा पाचवीत आलाय, पण चलाख हाय. दुकानावर कुणाला बसवशील?"

सुरेशदादा म्हणाला, "चलाख."

"मग यांना सांग, पाचवीतला द्या. औंदाचा."

दुकानदार हसत खोका मागे घेत म्हणाला, "मास्तर, तुम्हीच दुकान टाका आता."

"टाकलं असतं. पण मग तुझ्यासारखं बोलावं लागलं असतं."

त्यानंतर त्या दुकानात सरांना बसायला स्टूल मिळायचं.

एसएसडीवर मात्र सरांचा राग होता. ही नव्या तऱ्हेची डिस्क, आत काही फिरत नाही, आवाज करत नाही, आणि जुन्या हार्डडिस्कच्या कितीतरी पट पळते. पहिल्या पहिल्यांदा ती आली तेव्हा सरांनीच हौसेने शाळेच्या एका मशीनमध्ये बसवली होती. आमच्याकडे पावसाळ्यात लाईट जाते ती साधी जात नाही, दोन-तीनदा झटका देऊन जाते. अशाच एका झटक्यात ती डिस्क गेली, आणि तिच्यातले दहावीच्या पोरांचे भरलेले सगळे फॉर्म गेले. सरांनी डोळे लाल होईस्तोवर बसून ते परत भरले. तेव्हापासून त्यांचं ठरलेलं. "हार्डडिस्क मरायच्या आधी खोकते. म्हातारं माणूस खोकतं तशी. निरवानिरव करायला टाइम देते. ही एसएसडी म्हणजे चालता चालता आडवी. आपल्या लाईटीला ती नाय परवडत." यात खोटं काहीच नव्हतं. त्या वेळच्या त्या डिस्कपुरतं ते अगदी खरं होतं.

माझा भाऊ विकी. आयटीआय करून आसनगावच्या बाजूला एका कंपनीत लागलेला. मोबाइलवर गेम खेळायचा, मग कल्याणला गेमिंग कॅफेत जाऊन कॉम्प्युटरवर खेळायला लागला. खेळ असा, की विमानातून एका बेटावर उडी मारायची, घरांत शिरून हत्यारं गोळा करायची, आणि शेवटपर्यंत जी टीम जिवंत राहील ती जिंकली. विकी धरून आमच्या भागातल्या चार पोरांची टीम होती. प्रणय म्हणून एक जण त्यांचा कॅप्टन. शहापूरला मोठी स्पर्धा होणार होती आणि ठाण्याच्या एका टीमची माणसं पोरं निवडायला येणार होती. प्रत्येकाने आपापली मशीन आणायची. विकीकडे मशीन नव्हती. पगार साठवून झाला, बाबांनी भर घातली, आणि बाबा म्हणाले, "सरांकडं जाऊ."

विकी वाटेत मला म्हणाला, "ताय, मला सगळं माहीत हाय काय घ्यायचं ते."

बाबांनी टेम्पो चालवता चालवताच सांगितलं, "माहीत असंल. तरी सरांच्या पुढं बोलू नको."

सर ओसरीवर होते. त्यांनी लाईटीचं विचारलं, खोलीचं विचारलं. विकी म्हणाला, गेमसाठी हवी. सर हसले. "म्हंजे बैल शर्यतीचा पायजे." डोळे मिटले आणि एक तगडा प्रोसेसर सांगितला. विकीचा चेहरा उजळला, त्याच्या मनातला होता त्याहून भारी होता तो. मग सर म्हणाले, "आणि हार्डडिस्क मोठ्यात मोठी."

विकी म्हणाला, "सर, एक छोटी एसएसडी पण टाकूया. विंडोज आणि गेम तिच्यावर. बाकीचं हार्डडिस्कवर राहील."

"आणि ती गेली तर?"

"गेम परत डाउनलोड करू."

"तुमच्या गावात नेट कसं हाय? एक गेम उतरायला किती दिवस लागतात?"

खरंच लागायचे दोन-दोन दिवस.

"म्हणून सांगतो. कणगी मोठी घे, सगळे गेम एकदाच भरून ठेव. एसएसडीचे पैसे बैलात घाल."

"पण सर, गेम लोड व्हायला..."

सरांनी डोळे उघडले. रागावले नव्हते. वर्गात एखादा पोरगा मध्येच उत्तर ओरडला की बघायचे तसे बघितले. "विकी, तू शिकवणार का मला?"

बाबांनी विकीच्या गुडघ्यावर हात ठेवला. विकी म्हणाला, "नाय सर."

मशीन आली. काचेच्या बाजूची, आत रंगीत दिवे लागणारी. सर स्वतः घरी आले, प्रत्येक वायर त्यांनी बांधली. आईने नारळ फोडला, सरांनी पंख्यावर हात धरला, विकीने बटण दाबलं. मशीन चालू व्हायला वेळ लागला. आम्ही सगळे हात जोडून उभे होतो. आई हळूच म्हणाली, "मोठी हाय ना, उठाया टाइम लागायचाच." पुढेही तसंच चाललं. विकी कामावरून आला की बटण दाबून अंघोळीला जायचा, बाहेर येईपर्यंत ती तयार झालेली असायची. तो कुरकुरला नाही. आम्ही समजलो, शर्यतीच्या बैलाचे लाड असेच असतात.

स्पर्धा मंगल कार्यालयात होती. पोरांनी मशिनी गोधड्यांत गुंडाळून आणल्या होत्या. हॉलभर जाजम अंथरलेलं, चपला बाहेर काढायच्या, खिडक्यांना पडदे लावून अंधार केलेला, आणि भिंतीवर प्रोजेक्टर. आमच्याकडे क्रिकेटच्या टूर्नामेंटला जो समालोचन करतो तो बाळाराम इथेही माईक घेऊन हजर. आणि आमच्याकडे टूर्नामेंट म्हटली की सत्कार आलाच. पुढच्या सोफ्यावर निचिते सर प्रमुख पाहुणे. शाल, श्रीफळ. बाळारामने सांगितलं, "तालुक्यातल्या अर्ध्या मशिनी ज्यांनी सांगितल्या, ते आपले सर." सरांनी शाल काढली नाही. गरमी होती, तरी नाही काढली. मी मागे उभी होते. मला फार अभिमान वाटत होता, भावाचाही आणि सरांचाही.

भिंतीवर आळीपाळीने एकेका खेळाडूचा स्क्रीन दाखवत होते. विमान आलं, सगळ्यांनी उड्या मारल्या, आणि तेवढ्यात विकीचा स्क्रीन भिंतीवर आला. विकी जमिनीवर उतरला होता. पण घरं नव्हती. घरांच्या जागी मातीचे गोळे होते, ओल्या चिखलाचे असावेत तसे, ना दार ना खिडकी. बाकीच्यांच्या मशीनवर तीच घरं उभी होती, लोक आत शिरत होते, बंदुका उचलत होते. विकी गोळ्याभोवती फिरत होता.

बाळारामला विषय मिळाला. "अरे विकीच्या गावात अजून बांधकाम चालूय. मंजुरी आली, पण विटा नाय आल्या."

हॉल हसला. विकी एका गोळ्याला धडकला, मागे सरला. हळूहळू गोळ्याला कोपरे फुटले, मग एक दार आलं. दार आलं आणि त्यातून गोळी आली. विकी मेला. त्याला मारणारा त्या घरात आधीपासून बसलेला होता, फक्त विकीच्या मशीनला तो अजून दाखवता आला नव्हता.

दुसऱ्या डावात तेच. तिसऱ्या डावात प्रणयने पुढे न जाता विकीजवळ थांबायचं ठरवलं, विकीचं घर तयार होईपर्यंत त्याला राखायचं. त्यात प्रणयही मेला. बाळाराम म्हणाला, "घरकुल योजनेचा लाभार्थी अजून उन्हातच." लोक मांड्यांवर हात मारत होते. मी सरांकडे बघितलं. सर भिंतीकडे बघत होते आणि त्यांचे ओठ हलत होते, वर्गात फळ्यावरचं गणित चुकलं की कुठं चुकलं ते शोधताना हलायचे तसे. मग हलायचे थांबले. त्यांना सापडलं होतं.

डाव संपल्यावर प्रणय हेडफोन काढून ओरडला. वाईट पोरगा नाही तो, पण त्याची वर्षाची मेहनत होती. "एसएसडी नाय टाकली? एवढा प्रोसेसर घेऊन हार्डडिस्कवर खेळतो? कुणी सांगितली ही मशीन तुला?"

बाळारामचा माईक चालू होता, त्यामुळे ते हॉलभर ऐकू गेलं. विकीची मान वर झाली. त्याची नजर एकदा सोफ्यावर गेली आणि लगेच परत आली.

"मीच," विकी म्हणाला. "मीच घेतली माझ्या मनानं."

सर तिथेच होते, दहा पावलांवर. शाल अंगावर, नारळ मांडीवर. ते बसूनच राहिले.

ठाण्याच्या लोकांनी प्रणयला आणि दुसऱ्या एकाला निवडलं. विकीने मशीन गोधडीत गुंडाळली आणि टेम्पोत मागे तिच्याजवळ बसून घरी आला. जेवला, झोपला. सरांबद्दल एक शब्द बोलला नाही, आणि आम्हीही काढला नाही.

पुढच्या आठवड्यात सर घरी आले. दुपारची वेळ, विकीची सुट्टी होती. आईने घाईने कॉटवरचे कपडे उचलले. सर बसले नाहीत. म्हणाले, "विकी, मशीन चालू कर."

विकी तिथेच उभा राहिला. आई म्हणाली, "कर ना रे, सर सांगतात." त्याने नाइलाजाने बटण दाबलं. सर कॉटच्या कडेला बसायला वळले आणि बसेपर्यंत स्क्रीन उजळून तयार होता. विकीने प्रणयची जुनी एसएसडी आणून आदल्या दिवशीच बसवली होती. सर स्क्रीनकडे बघत राहिले. त्यांच्या शर्टाच्या खिशात स्क्रू ड्रायव्हरशेजारी एक छोटा चौकोनी खोका होता. एसएसडीच होती ती. ती त्यांनी बाहेर काढली नाही.

"पहिल्या दिवसापासनं अडकत होती?" सरांनी विचारलं.

विकी जमिनीकडे बघत म्हणाला, "थोडी."

"थोडी म्हंजे?"

"घरं लेट यायची."

"मग मला सांगितलं का नाय?"

सरांनी परत विचारलं. तेव्हा तो अगदी हळू म्हणाला, "तुमाला कसं सांगायचं सर."

आई मध्ये पडली. "जाऊ द्या सर. चूक कुणाची नाय होत?"

सर पहिल्यांदा आईवर आवाज चढवून बोलले. "चुकीबद्दल नाय बोलत मी, वहिनी. चूक तर झालीच. कणगीतलं भात काढाया किती वेळ लागतो, हे मी कधी मोजलंच नाय. आपल्या घरात कुणी मोजतं का? वर्षाचं भात, कुठं पळून चाललंय. मी तसंच समजत राहिलो. ते सोडा. हा पोरगा माझ्यासाठी सगळ्यांसमोर खोटं बोलला आणि मी बसून राहिलो. मी त्याचं बोलतोय."

खोलीत कुणाला कुठं बघावं कळेना. आई पदराशी चाळा करत होती, जणू तिनेच काही केलं होतं. विकीचे कान लाल झाले होते. ज्यांनी आपल्याला गणित शिकवलं ते सर आपल्यापुढे असे कबुली देत बसलेत, हे बघण्यापेक्षा आणखी तीन डाव हरणं त्याला सोपं गेलं असतं. माझंही तसंच झालं. मला वाटलं, सरांनी आता गप्प बसावं. कुणीतरी चहा आणावा, लाईट जावी, काहीही व्हावं, पण हे थांबावं.

"मी सगळ्यांना सांगणार हाय," सर म्हणाले. "त्याच हॉलात."

विकी एकदम म्हणाला, "नको सर. पाया पडतो तुमच्या. नका सांगू. लोकं काय बोलतील."

"माझ्याबद्दल बोलू दे."

"माझ्याबद्दल बोलतील. मास्तरला वाकवला म्हणतील."

सर उठले, आणि जाताना दारात थांबून म्हणाले, "अजून कुणाकुणाची अडकते रे?" विकीला माहीत नव्हतं.

ते त्यांनी स्वतःच शोधलं. ही हकिगत मला ज्यांच्या त्यांच्या तोंडून कळली. आधी ते सुरेशदादाच्या स्टुडिओत गेले. सुरेशदादा सांगत होता, "सर आले, म्हणाले मशीन चालू कर. मी सवयीनं बटण दाबलं आणि चहा सांगाया बाहेर निघालो. सर म्हणाले, कुठं चाललास? म्हटलं, उठेस्तोवर चहा येतो ना. सरांनी मला दारातनं परत बोलावला. म्हणाले, असं कधीपासनं? म्हटलं, पयल्यापासनं." डोळखांबच्या आश्रमशाळेत माझी मैत्रीण शिक्षिका आहे. तिच्याकडे पोरं प्रार्थनेच्या आधी कॉम्प्युटर चालू करून ठेवायची आणि प्रार्थना संपवून आत यायची. झेरॉक्सवाला मशीन बंदच करत नव्हता, परत चालू करायचा कंटाळा म्हणून. सगळीकडे सरांनी सांगितलेली मशीन, सगळीकडे मोठी कणगी, आणि सगळीकडे माणसं वर्षानुवर्षं वाट बघत बसलेली. एकानेही तक्रार केली नव्हती. सर विचारायचे, सांगितलं का नाय, आणि प्रत्येक जण विकीचंच वाक्य बोलायचा. सुरेशदादा म्हणाला, "मी मशीनचं बोललो तेवा सर ठीक होते. तुमाला कसं सांगणार म्हटलं, तेवा त्यांचं तोंड उतरलं."

खिशातला तो खोका त्यांनी सुरेशदादाच्या मशीनमध्ये बसवला. पुढे जमेल तसं एकेकाकडे जाऊन, दुपार दुपार बसून, जुन्या डिस्कवरचं नवीवर उतरवून दिलं. लोक म्हणायचे, राहू द्या सर, आमाला सवय झालीय. ते मान वर न करता पुढचा स्क्रू फिरवायचे. नवीन कुणी विचारायला आलं, तर आता ते ना लाईटीचं विचारायचे ना खोलीचं. "मला इचारू नको," एवढंच म्हणायचे. लोकांना ते पटायचं नाही. सरांचा मूड नाही म्हणून माघारी जायचे आणि दुसऱ्या दिवशी परत यायचे.

आता सर नाशिकला मुलीकडे असतात. मी त्यांना शेवटचं बघितलं ते त्याच मंगल कार्यालयात, पुढच्या स्पर्धेच्या वेळी. विकी खेळत होता, नव्या टीमकडून. सरांना बोलावलं नव्हतं, पुढच्या सोफ्यावर दुसरे पाहुणे होते. सर मागच्या दाराने आले आणि भिंतीला धरून पुढे सरकले. बाळारामची नजर गेली. "अरे, सर आलेत. सर, या. दोन शब्द."

सरांनी माईक दोन्ही हातांत धरला. "मागच्या वेळी हितं विकीची मशीन अडकली. कुणी सांगितली म्हणून विचारलं, तर तो म्हणाला, मीच. ते खोटं होतं. मशीन मी सांगितली होती. तो एसएसडी टाकूया म्हणत होता, मी त्याला गप्प केला. आणि तो खोटं बोलला तेव्हा मी त्या सोफ्यावर बसलो होतो."

मी विकीकडे बघितलं. त्याने हेडफोन कानांवर घट्ट दाबून धरले होते आणि मान कीबोर्डपर्यंत खाली गेली होती.

मग बाळाराम दुसऱ्या माईकवर म्हणाला, "याला म्हणतात मोठेपणा. कोण कबूल करतं आजच्या जमान्यात? सरांसाठी जोरदार टाळ्या."

टाळ्या वाजल्या.

"टाळ्या नको," सर म्हणाले.

लोक प्रेमाने हसले आणि आणखी जोरात वाजवायला लागले. सरांचा हात वर झाला, वर्ग गप्प करायला व्हायचा तसा. "अरे ऐका. मी चांगलं सांगत नाय. ज्यांनी ज्यांनी माझ्या शब्दावर..." पुढचं कुणाला ऐकू आलं नाही. एक जण शिट्टी वाजवत होता. सोफ्यावरचे पाहुणे उठून उभे राहिले, मग त्यांच्या मागची रांग उठली. सर माईक घेऊन मध्ये उभे, ओठ हलताहेत, आणि चारी बाजूंनी टाळ्या. त्यांनी माईक बाळारामच्या हातात दिला.

निघाले तशी पोरं पाया पडायला वाकू लागली. पहिला वाकला, सरांनी पाय मागे घेतला. दुसरा वाकला, दुसरा पाय मागे घेतला. ते दाराकडे पाठ करून मागे मागे सरकत होते आणि पोरं पुढे पुढे वाकत होती. सर म्हणत होते, "नको रे. नको." पोरांना वाटत होतं, सर नम्र आहेत.

दाराबाहेर चपलांचा ढीग होता. सर वाकून आपली चप्पल शोधू लागले. ते बघून दोघे-तिघे धावले, "सर, तुमी थांबा, आमी देतो." एकाला ती सापडलीसुद्धा. तो दोन्ही हातांत चप्पल धरून सरांच्या पायांशी बसायला गेला, तेवढ्यात सर पायऱ्या उतरले, आणि तसेच, अनवाणी, डांबरी रस्त्याने स्टँडच्या दिशेने चालू लागले.